जुन्या वाड्यात निवांत लग्न: तारीख धरण्यापासून किल्ल्या परत देईपर्यंत

वाडा तीन दिवसांसाठी घेतला, पैसाही सढळ हाताने सोडला आणि तरी लग्न धावपळीतच उरकलं, ही तक्रार हल्ली फार ऐकू येते. कारण बहुतेक ठिकाणी एकच असतं. शहरातल्या कार्यालयात सकाळी सहा ते दुपारी चार बसवलेला कार्यक्रम तसाच उचलून वाड्यात नेला जातो आणि उरलेल्या वेळेत मेंदी, संगीत, कॉकटेल, नाचाच्या तालमी असं काहीबाही भरलं जातं. दिवस वाढतात, पण बसायला वेळ मिळत नाही तो नाहीच.

दीडशे-दोनशे माणसांचं, दोन मुक्कामांचं, गावाकडच्या जुन्या वाड्यातलं, गढीतलं किंवा राजवाड्यातलं मराठी लग्न डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलंय. पाचशे माणसं बोलवायची असतील तर सरळ लॉन घ्या. जुनं घर आणि पाहुणे, दोघांचेही हाल होणार नाहीत. लग्न निवांत झालं की नाही याची माझी कसोटी साधी आहे: वधूच्या आईने खाली बसून गरम जेवण जेवलं का?

टप्पा १: आधी हंगाम, मग वाडा, मग मुहूर्त

बहुतेक घरांत हा क्रम उलटा होतो. गुरुजींकडून एकच मुहूर्त काढला जातो, पत्रिकेचा मजकूरही ठरतो आणि मग त्या तारखेला वाडा शोधायला माणसं निघतात. मिळतो तो वाडा उरलेला असतो.

हंगाम असा बघा. तुळशीची लग्नं लागल्यानंतर डिसेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ आणि संक्रांतीनंतर फेब्रुवारी अखेरपर्यंतचा काळ वाड्यासाठी सर्वांत चांगला. मधला महिनाभर धनुर्मास म्हणून बरीच घरं टाळतात. एप्रिल-मेमध्ये जाड भिंतींच्या आत गारवा राहतो हे खरं, पण लग्न लागतं चौकात, आणि चौकाची दगडी फरशी दुपारी चारलाही पाय ठेवू देत नाही. कोकणातल्या वाड्यासाठी दसऱ्याच्या आसपासची तारीख धरू नका, परतीचा पाऊस येतो.

गुरुजींना एक नव्हे, चार-पाच मुहूर्त मागा. पंचांगात मुख्य मुहूर्तांखेरीज गौणकालातलेही दिलेले असतात. घरच्यांना चालत असतील तर तेही यादीत घ्या. गुरू-शुक्राचा अस्त असलेल्या वर्षी यादी फारच आखडते, तेव्हा वर्षभर आधी विचारलेलं बरं. यादी हातात घेऊन वाड्याच्या तारखा बघा.

निवड असेल तर गोरज मुहूर्त घ्या. दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताला सूर्य चौकाच्या बरोबर डोक्यावर असतो, मंगलाष्टकं संपेपर्यंत पहिल्या रांगेतले आजी-आजोबा उठून ओसरीत गेलेले असतात, आणि पहाटे चारपासून सगळं घर उभं असतं. संध्याकाळच्या मुहूर्ताने अख्खा दिवस हाताशी राहतो. पुढचं वेळापत्रक मी गोरज धरूनच दिलंय.

तपासा, तारीख पक्की करण्याआधी गावात विचारून:
- त्या आठवड्यात गावची जत्रा किंवा उरूस आहे का? आठवडी बाजार कोणत्या वारी आणि कोणत्या रस्त्यावर भरतो?
- फलटण, सातारा, कोल्हापूर, बारामती पट्ट्यात गाळप हंगाम चालू असेल का? उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर पुढे असला की वीस मिनिटांच्या रस्त्याला तास लागतो, आणि रात्री त्या ट्रॉल्यांना मागे दिवे असतीलच असं नाही.
- वाडा चित्रीकरणाला देतात का? देत असतील तर तुमच्या आदल्या दिवशी कुणाचा सेट उभा नसेल, हे लेखी घ्या.

टप्पा २: जागेचा प्रकार ओळखा आणि करार करा

‘हेरिटेज’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या जागा विकल्या जातात, आणि प्रत्येकीची तयारी निराळी असते.

पहिला प्रकार हॉटेल झालेल्या गढीचा. सासवडजवळची जाधवगड ही पिलाजीराव जाधवांनी १७१० मध्ये बांधलेली गढी याचं ओळखीचं उदाहरण. इथे खोल्या, पाणी, जनरेटर, स्वयंपाकघर सगळं तयार मिळतं. त्रास एवढाच की हॉटेलचे स्वतःचे नियम असतात: बाहेरचा आचारी चालत नाही, अमुक वेळेला खोली सोडावी लागते, आणि सगळ्या खोल्या घेतल्या नाहीत तर तुमच्या हळदीच्या वेळी परके पाहुणे पोहत असतात. घ्यायचं तर सगळं घ्या.

दुसरा प्रकार, राजघराण्याचा किंवा सरदार घराण्याचा राहता वाडा, ज्याचा काही भाग पाहुण्यांसाठी उघडलेला आहे. सावंतवाडीच्या राजवाड्यात घराणं राहतं, तिथे दरबार हॉलमध्ये गंजिफा, म्हणजे खेळायचे जुन्या पद्धतीचे गोल पत्ते, रंगवण्याचं काम चालतं आणि काही खोल्या मुक्कामाला मिळतात. अशा ठिकाणी आपण ग्राहक कमी आणि पाहुणे जास्त असतो. कोणत्या दालनात जायचं नाही, देवघरात कोण जाऊ शकतं, घरातल्या माणसांची पूजेची वेळ कोणती, हे आधी विचारून त्याप्रमाणे वागायचं.

तिसरा प्रकार, एरवी बंद असलेला खासगी वाडा. सगळ्यांत देखणा हाच, आणि सगळ्यांत जास्त काम याच्यातच. पाणी, वीज, संडास, अंथरुणं, सगळं आपण न्यायचं. शिवाय मालक एक नसतो. पुण्यात राहणारे काका होकार देतात, आणि लग्नाच्या आदल्या दिवशी नाशिकचे चुलत काका दिंडी दरवाजाला कुलूप घालतात. जुन्या वाड्यांची भाऊबंदकी फार लांबवर पसरलेली असते.

सावध: सहहिश्शेदारांच्या सह्या किंवा एकाच्या नावे मुखत्यारपत्र पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

करारात नेमकं काय लिहून घ्यायचं ते सांगतो, कारण इथेच लोक ‘ओळखीचे आहेत’ म्हणून गप्प बसतात. कोणत्या खोल्या, कोणते चौक, परसदार आणि गच्ची धरून की सोडून. मांडणीसाठी आदला पूर्ण दिवस आणि आवराआवरीसाठी नंतरचा अर्धा दिवस. तो भाड्यात आहे की वेगळा. अनामत किती, आणि ती कोणत्या नुकसानीसाठी कापली जाईल. मालकाचा कोणता माणूस तिन्ही दिवस तिथे राहील, कारण मोरी तुंबली की चेंबर कुठे आहे ते त्यालाच ठाऊक असतं. आणि तारीख मोडली तर किती पैसे परत.

जागा संरक्षित स्मारक असेल तर गोष्ट वेगळी. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात मेजवानी किंवा समारंभ लेखी परवानगीशिवाय करता येत नाही. दलालाने ‘ते आम्ही बघतो’ म्हटलं तरी परवानगीचा कागद स्वतः वाचा.

टप्पा ३: माणसं मोजा, ती खोल्यांवरून नव्हे

खोल्यांत गाद्या घालून कितीही माणसं मावतात. वाड्याची खरी क्षमता पाणी, संडास आणि वीज ठरवतात.

पाणी. मुक्कामी माणसामागे दिवसाला सव्वाशे-दीडशे लिटर धरा. ऐंशी माणसं मुक्कामाला असतील तर साधारण दहा ते बारा हजार लिटर, म्हणजे रोज एक मोठा टँकर आणि वर थोडं. स्वयंपाकाचं आणि भांडी घासण्याचं पाणी यात धरलेलं नाही. टँकर आला तरी तो रिकामा कुठे करणार? वाड्याची टाकी दोन हजार लिटरची असेल तर टँकर दाराशी उभा राहतो आणि पाणी चढत नाही. तात्पुरत्या टाक्या आदल्या दिवशी भरून ठेवा. आडाचं पाणी सडा-संमार्जनाला आणि कलशपूजेला ठीक, पिण्याला नको.

संडास. लग्नाच्या दिवशी पंचवीस माणसांमागे एक, हा माझा हिशेब. जुन्या वाड्यांत संडास परसदारी आणि मोजके असतात. फिरते संडास आणायचे तर वाऱ्याची दिशा बघून ठेवा, आणि नऊवारी नेसलेल्या बाईला आत वळता येईल एवढे मोठे आहेत का तेही बघा. पुरवठादार हे स्वतःहून सांगत नाही.

वीज. सगळे दिव्यांचा आणि स्पीकरचा हिशेब करतात. वाडा अंधारात जातो तो पहाटे सहाला, गीझरमुळे. वीस खोल्यांत वीस गीझर, प्रत्येकी दोन किलोवॉट: चाळीस किलोवॉट एकाच वेळी. बासष्ट केव्हीएच्या जनरेटरचा बहुतेक दम तिथेच संपतो, आणि वाड्याच्या वायरिंगने असला भार जन्मात पाहिलेला नसतो. उपाय दोन. गीझर पाळीने लावा, किंवा परसदारी दोन-तीन तांब्याचे बंब पेटवून बादल्यांनी गरम पाणी पोचवा. बंबाजवळ शेकत बसायला पहाटे सगळी काकामंडळी आपणहून जमतात, हा वरचा फायदा.

सजावटीची आणि आवाजाची वायरिंग वाड्याच्या बोर्डाला जोडू देऊ नका. ती थेट जनरेटरवर, स्वतंत्र बोर्डावरून. जनरेटर दगडी भिंतीपलीकडे, लांब.

तपासा:
- गावाची वेस किंवा वाड्याचा दरवाजा किती रुंद, किती उंच? पंचेचाळीस आसनी बस तिथपर्यंत येते का, आणि आली तर वळते का? बहुधा नाही. सतरा आसनी गाड्या करा आणि मोठी बस हमरस्त्याला ठेवा.
- गुगलवरचा रस्ता स्वतः गाडीने पार करून पाहा. गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोल किल्ल्यासारख्या ठिकाणी गोव्यातल्या केरीहून जाणारा पाहुणा फेरीबोटीसाठी थांबतो, आणि शिरोडा-रेडीकडून येणारा थेट पोचतो. कुणी कुठून यायचं, ते पत्रिकेसोबत लिहून द्या.
- जिने. वाड्याचे जिने अंधारे, उभे आणि भिंतीत दडलेले असतात. साठीपुढच्या सगळ्यांना तळमजला. बुटक्या दारांच्या वरच्या चौकटींवर झेंडूची माळ लावली की सुंदरही दिसतं आणि उंच जावयांची कपाळंही वाचतात.
- माडीवर किती माणसं चालतील, हे स्थापत्य समजणाऱ्याला दाखवून घ्या. कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी कड्या आणि फळ्यांच्या, तक्तपोशीवर पन्नास जणांचा नाच होऊ द्यायचा नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

टप्पा ४: परवानग्या

हा टप्पा कंटाळवाणा आहे, म्हणून थोडक्यात. महिनाभर आधी अर्ज करा आणि प्रत्येकाची प्रत एका फायलीत, वाड्यात ठेवा.

ध्वनिक्षेपकासाठी स्थानिक पोलीस ठाणं. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद, हा देशभरचा नियम आहे. चौक चारी बाजूंनी बंद दिसला तरी वरून उघडा असतो. फटाकेही रात्री त्याच वेळेत बंद. मद्य ठेवणार असाल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा त्या कार्यक्रमापुरता परवाना लागतो, आणि गावात दारूबंदी आहे का ते ग्रामपंचायतीत विचारा. ड्रोनसाठी छायाचित्रकाराकडे नोंदणीचे कागद आहेत का ते बघा आणि पोलिसांना कळवा.

गाण्यांच्या परवान्यावरून खूप गोंधळ होतो. कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात लग्नविधी, वरात आणि लग्नाशी जोडलेले समारंभ यांत संगीत वाजवायला सूट आहे, आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये जाहीर सूचना काढून तेच पुन्हा सांगितलं. कुणी लग्नात पैसे मागायला आलं तर ही सूचना छापून हाताशी असू द्या.

गावाला निमंत्रण द्या. कागदी परवानगी याला लागत नाही, पण ते चुकलं तर बाकीच्या परवानग्या असून उपयोग नाही. अनेक वाड्यांतल्या देवघरात गावाचा देव असतो, रोज सकाळी माणसं दर्शनाला येतात. तीन दिवस दाराशी सुरक्षारक्षक उभे करून त्यांना परत पाठवू नका. सकाळी दर्शनाची वेळ मोकळी ठेवा, सरपंच, पुजारी आणि शेजारची घरं यांना पत्रिका आणि अक्षता हाताने नेऊन द्या.

टप्पा ५: वेळापत्रक, आणि त्यातून काय काढायचं

मुहूर्त तेवढा घड्याळाला बांधलेला. बाकी सगळं त्याच्यापासून मागे मोजत यायचं. पहिला कागद घ्या आणि जे काही करायचं मनात आहे ते सगळं लिहा. मग त्यातलं जवळजवळ निम्मं खोडा. मेंदी वधूच्या घरी दोन दिवस आधी. संगीत हवं तर पहिल्या रात्री पेटी-तबला आणि घरातली माणसं, बस. स्वागतसमारंभ शहरात नंतर कधीतरी.

पहिला दिवस, संध्याकाळ. पाहुणे चार ते सात या वेळेत येतात. खोल्यांच्या याद्या दरवाजात लावलेल्या, पाणी-गूळ तयार. गावातल्या देवाचं दर्शन, अंधार पडल्यावर सीमांतपूजन. जेवायला पिठलं, भाकरी, ठेचा, तूप-भात. आदल्या रात्री पंचपक्वान्नं ठेवलीत की दुसऱ्या दिवशीच्या पंगतीला भूकच उरत नाही.

दुसरा दिवस, मुहूर्त सायंकाळी ६ वाजून ३० मिनिटं, असं धरू.

- सकाळी ८ ते १०: न्याहारी, ज्याची त्याची सवडीने.
- १० ते १२: पुण्याहवाचन, देवक आणि त्याला जोडून हळद. दोन्ही घरचे गुरुजी वेगळे असतील तर कोण काय करणार, हे फोनवर नको. एकत्र बसवून ठरवा.
- १२:३० ते २: साधं दुपारचं जेवण.
- २ ते ४: काहीही नाही. दिवे मालवा, आवाज बंद करा, माजघरात सतरंज्या घाला.
- ४: चहा. वधू-वरांची तयारी याआधी तासभर सुरू झालेली असते.
- ५:१५ ते ५:४५: वर-वधूचे आणि घरच्यांचे फोटो. ऊन तिरपं असतं, भिंती सोनेरी दिसतात.
- ५:४५: वधू गौरीहराला बसते, वराकडची मंडळी नगारखान्यापासून सनईबरोबर निघतात.
- ६:१०: सगळे जागेवर, अक्षता वाटून झालेल्या.
- ६:३०: अंतरपाट दूर.

दोन ते चारच्या त्या रिकाम्या ओळीवर प्रत्येकाची नजर जाते. कुणाला तिथे खेळ घालायचे असतात, कुणाला नाचाची तालीम. ठाम राहा. संध्याकाळी चेहरे ताजे दिसतात ते त्या दोन तासांमुळे.

मुहूर्तानंतर कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी, सूनमुख हे सगळं घाई न करता व्हायला दोन तास लागतात. ‘गुरुजी, थोडक्यात आवरा’ हे वाक्य घरात कुणी उच्चारायचं नाही, असं आधीच सांगून ठेवा. उलट गुरुजींना विनंती करा की प्रत्येक विधीआधी दोन वाक्यांत अर्थ सांगा. परदेशातून आलेली नातवंडंसुद्धा मग बसून राहतात. मधल्या साडीबदलाला पाऊण तास धरा. नऊवारी नेसवणारी बाई दहा मिनिटांत आटपते, केसांतली फुलं बदलायला वेळ जातो.

सावध: भेटीची रांग. स्टेजवर दोन खुर्च्या मांडल्या आणि १८० पाहुण्यांनी मिनिटभर घेतलं तरी तीन तास जातात. संध्याकाळ सगळ्यांत जास्त तिथेच संपते. वाड्यात स्टेज बांधूच नका. वधू-वरांना पंगतीत फिरू द्या, तूप वाढू द्या. भेटी तिथेच होतात आणि फोटोही बरे येतात.

रात्री दहाला माइक बंद. नंतर ओसरीत बसून गाणी म्हणायला कुणाची ना नसते.

तिसरा दिवस. न्याहारी उशिरा. विहिणीची पंगत लग्नाच्या धांदलीतून काढून या दिवशी दुपारी बाराला ठेवा. रांगोळ्या, समया, आग्रह सगळं मनासारखं होतं आणि वाढायला घरच्याच बायका मोकळ्या असतात. मग ‘झाल’ हा मुलगी सोपवण्याचा विधी, आणि पाठवणी. तीनपर्यंत गाड्या हलल्या पाहिजेत, म्हणजे पाहुणे अंधाराआधी महामार्गाला लागतात.

टप्पा ६: भटारखाना आणि पंगत

वाड्याचं जुनं स्वयंपाकघर दाखवायला असतं, रांधायला नसतं. लाकडी तुळयांखाली गॅसच्या मोठ्या शेगड्या लावायच्या नाहीत. भटारखाना परसदारी, पत्र्याच्या किंवा ताडपत्रीच्या उंच छपराखाली, गॅसच्या टाक्या शेगडीपासून दूर. तिथून पंगतीपर्यंतची वाट आचाऱ्याला चालून दाखवा. मध्ये दोन उंबरठे आणि चार पायऱ्या असतील तर वरणाची बादली घेऊन पळणारा वाढपी पडणारच; फळ्यांचे उतार टाका.

बुफे की पंगत? निवांत लग्नात पंगतच. हिशेब असा: साठ पानांच्या एका पंगतीला पाऊण तास, उचलून-पुसून पुन्हा मांडायला पंधरा-वीस मिनिटं. १८० माणसं म्हणजे तीन पंगती, जवळजवळ तीन तास. सात-सव्वासातला पहिली बसली तर साडेदहाच्या आत शेवटची उठते, आणि पहिली जेवते तेव्हा विधी चालूच असतात. पहिल्या पंगतीला म्हातारे, मुलं आणि गाडीवाले बसवा. गाडीवाले नेहमी शेवटी राहतात आणि रात्री रस्त्यावर आपली माणसं त्यांच्याच हाती असतात.

कोणतं पक्वान्न करायचं ते जेवणाऱ्यांच्या संख्येवरून ठरवा. पुरणपोळी तव्यावरून पानात आली तर खरी. १८० जणांना ती गार मिळणार असेल तर जिलबी-मठ्ठा ठेवा, आणि पुरणपोळी तिसऱ्या दिवशी विहिणीच्या पंगतीला. अळूचं फदफदं, मसालेभात, बटाट्याची भाजी, पंचामृत, कोशिंबीर यांना पर्याय शोधत बसू नका. केटरर ‘लाइव्ह काउंटर’ सुचवेल. नको म्हणा.

तपासा: भांडी घासलेलं पाणी कुठे जातं? जुन्या मोऱ्या एका दिवसात तुंबतात. खरकट्यासाठी वेगळे पिंप आणि पत्रावळी कोण नेणार, ते ग्रामपंचायतीशी ठरवून ठेवा.

टप्पा ७: सजावट, धूर आणि मधमाश्या

सजावटकाराला पहिल्याच भेटीत तीन गोष्टी सांगा, आणि त्याच्या करारातही लिहा.

एक, खिळा नाही. चुन्याच्या गिलाव्यात खिळा ठोकला की तळहाताएवढा तुकडा निघतो, आणि तो पुन्हा लावणारा कारागीर सहज मिळत नाही. बांबूची स्वतंत्र चौकट उभी करायची. खांबाला बांधायचं झालं तर मध्ये कापड घालून सुती दोरीने. चिकटपट्टीही नको, जुन्या सागाच्या लाकडाचं तेलपाणी तिच्यासोबत सोलून येतं.

दोन, हळद आणि तेल चौकात नको. सच्छिद्र दगडात आणि चुन्यात मुरलेली हळद निघत नाही. हळदीची जागा परसदारी, खाली ताडपत्री आणि वर चटया. कागदी फुलांचे तोफेसारखे उडवायचे नळकांडेही मना करा. ओल्या फरशीवर त्यांचा रंग उतरतो.

तीन, चौकावरचं कापड. उन्हासाठी चौक वरून पूर्ण झाकतात आणि संध्याकाळी त्याच्याखाली होम पेटवतात. धूर कोंडतो, डोळे चुरचुरतात, कापडाला ठिणगीची भीती वेगळीच. झाकायचंच असेल तर मधला भाग उघडा ठेवा आणि होमकुंड बरोबर त्या उघड्या भागाखाली, वाळू आणि विटांच्या थरावर. ओसरीच्या कडीपाटाखाली होम कधीच नाही. वाळूच्या दोन बादल्या आणि अग्निशामक हाताशी, आणि तो कसा वापरायचा हे ठाऊक असलेला एक माणूस तिथे बसलेला.

सावध: आग्या मोहोळ. बुरुज, नगारखाना, उंच कमानी ही या माश्यांची आवडती जागा. होमाचा धूर, फटाके, ड्रोनची घरघर यांनी त्या उठतात, आणि उठल्या की मंडपात पळापळ होते. माणसं दवाखान्यात जातात. पावसाळ्यात मोकळ्या पाहिलेल्या भिंतीवर डिसेंबरात पोळं लटकलेलं असू शकतं, म्हणून महिनाभर आधी पुन्हा जाऊन सगळे कोपरे बघा. पोळं दिसलं तर जाळायला लावू नका. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे जाणकार माणसांची चौकशी करता येते. पोळं हलवता येत नसेल तर त्या बाजूला होम, फटाके आणि ड्रोन नाहीत, एवढं तरी पाळा. मधमाशीच्या दंशाची ॲलर्जी कुणाला आहे का ते पाहुण्यांना विचारून ठेवा, आणि जवळचं रुग्णालय किती मिनिटांवर आहे ते दरवाजातल्या यादीवर लिहा.

टप्पा ८: कारभारी नेमा

दोन्ही घरचा एकेक कारभारी, आणि ते वधू-वरांचे आईवडील नकोत. आत्येभाऊ, मावसबहीण, कुणीही शांत डोक्याचं. पुरवठादारांकडे या दोघांचेच नंबर जातील. वधूच्या वडिलांचा फोन मुहूर्ताच्या दिवशी सकाळी नऊनंतर कारभाऱ्याच्या खिशात. व्यावसायिक संयोजक घेतलात तरी हे दोघे लागतात, कारण रुसलेल्या मामांना कसं आणायचं ते संयोजकाला कळत नाही.

जाड दगडी भिंतींत मोबाइलची रेंज जाते. चार वॉकीटॉकी भाड्याने घ्या: दरवाजा, भटारखाना, जनरेटर, चौक. पैसे देण्याची पाकिटं नाव घालून आदल्या रात्री तयार ठेवा. गुरुजी, सनईवाले, वाढपी, सफाईवाल्या बायका. शेवटच्या तासाला सुटे शोधत फिरण्याइतकं ओशाळवाणं काही नाही.

तपासा, आदल्या दिवशी संध्याकाळी, दोन्ही कारभाऱ्यांनी मिळून:
- जनरेटर सगळा भार घेऊन अर्धा तास चालवला का? डिझेल किती?
- टाक्या भरल्या का?
- देवकाचं, होमाचं, गौरीहराचं सामान गुरुजींच्या यादीला लावून पाहिलं का? गावात रात्री समिधा आणि आंब्याचे डहाळे मिळतीलही, पण कापूर संपला तर दुकान बंद असतं.
- अंतरपाट कुठे आहे? हसू नका, ऐन वेळी तोच सापडत नाही.

टप्पा ९: नोंदणी आणि वाडा परत सोपवणं

महाराष्ट्रात विवाहाची नोंदणी लग्नापासून ९० दिवसांच्या आत करायची असते. अर्जावर लग्न लावणाऱ्या गुरुजींची आणि तीन साक्षीदारांची सही लागते. हे सगळे एका जागी फक्त लग्नातच सापडतात, तेव्हा अर्ज आधीच भरून न्या आणि तिसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी सह्या घ्या. नोंदणी कोणत्या कार्यालयात करायची हे आधी विचारून ठेवा. जोडप्याला परदेशी जायचं असेल तर पासपोर्टवरची नावं आणि अर्जावरची नावं अक्षरन् अक्षर जुळवा. पत्रिकेच्या चार कोऱ्या प्रती बाजूला काढा. सगळ्या वाटून झाल्यावर कार्यालयात तीच मागतात.

पाहुणे गेले की सगळेच गळून जातात आणि वाडा सजावटकाराच्या पोरांवर सोडून निघतात. नुकसान होतं ते बहुधा या वेळेत: बांबू ओढत नेताना, शिडी भिंतीला टेकवताना. एक कारभारी शेवटचा टेम्पो हलेपर्यंत थांबला पाहिजे.

अक्षता झाडून घ्या, फटींतल्यासुद्धा. राहिल्या तर उंदीर आणि कबुतरं आठवडाभर तळ ठोकतात. होमाखालची वाळू-विटा उचला, फरशी कोमट पाण्याने धुवा, साबणाचा सोडा वापरू नका. मोऱ्यांवरची झाकणं उघडून पाहा. पहिल्या दिवशी मांडणीआधी प्रत्येक खोलीचे मोबाइलवर फोटो काढले असतील, तर ते समोर धरून मालकाच्या माणसाबरोबर खोली-खोली फिरा आणि त्याची सही घ्या. फोटो काढलेच नसतील तर कडीला कुणाची दोरी घासली आणि चरा कधीचा, यावर वाद घालत बसाल. किल्ल्या मोजून द्या, अनामतीची पावती घ्या, आणि देवघरात विडा-नारळ ठेवून निघा.